प्रस्थान ठेवलेली गाडी

आमच्या ह्यांचा दोनच गोष्टींवर विश्वास आहे, पंचांगावर आणि मोबाइलमधल्या ॲपवर. माणसांवर नाही. मी काही सांगितलं की ते आधी या दोन्हींपैकी एकात बघितलं जातं, आणि तिथे सापडलं नाही तर ते खोटं ठरतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली तेव्हापासून तर सकाळी तिथी-नक्षत्र आणि संध्याकाळी चार्जिंग स्टेशनं असा नेम सुरू झाला. ताटाशेजारी मोबाइल उभा करून ते मला सांगायचे, झाशीच्या रस्त्यावर अमक्या ढाब्यात नवीन चार्जर लागला, भिंडकडे एक बंद पडला. आम्हाला झाशीला जायचं नसायचं, भिंडला तर त्याहून नाही. वर्षभर ती गाडी घर ते मंडई आणि मंडई ते घर एवढीच धावली. लांबच्या प्रवासाचे आराखडे मात्र रोज एक या वेगानं तयार होत होते. मला त्या गाडीचा मनापासून राग यायचा आणि तो मी कधी लपवला नाही.

अशात एका रविवारी इंदूरहून ताईचा फोन आला. माझी सख्खी मोठी बहीण. अकरा वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, घर विकलंय, मुलाकडे परदेशात कायमची चाललेय, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला घरातून निघणार. यायचं असेल तर ये. एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

अकरा वर्षांमागचं कारण सांगायला हवं. आई शेवटचे दोन महिने ताईकडे इंदूरला होती. एका सकाळी ताईनं कळवलं की आजच ये, उद्यावर टाकू नकोस. मी पिशवी भरली. हे म्हणाले, आज अमावास्या आहे, अमावास्येला घराबाहेर पडायचं नाही, उद्या पहाटे प्रतिपदा लागली की निघू. मी बसून राहिले. आई त्याच रात्री गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा ताई दारातच म्हणाली, तुझं नाव दोनदा घेतलं तिनं. मी म्हटलं, मला ताप होता. नवऱ्याची अब्रू राखायची म्हणून मी खोटं बोलले. ह्यांनी मागे उभं राहून मान डोलावली. ताईनं तेव्हापासून तोंड फिरवलं ते फिरवलंच.

म्हणून या वेळी मला वेळेवर पोचायचं होतं. बाकी काही नको होतं. बुधवारी रात्रीच्या गाडीचं तिकीट मी स्वतः काढलं. सोमवारी संध्याकाळी कळलं की ह्यांनी ते रद्द केलं आहे. मला न विचारता. आपली गाडी असताना ट्रेनचे धक्के कशाला खायचे, असं वर ऐकवलं. मग बुधवारी सकाळीच निघू म्हटलं, तर बुधवारी संध्याकाळी त्यांच्या मित्रमंडळाची बैठक होती. ते म्हणाले, गुरुवारी पहाटे पाचला निघालं की तीनला पोचतो, तीन तास गप्पा मारा, तेवढ्या पुरे नाहीत का? अकरा वर्षं बोलणं बंद असलेल्या बहिणींना किती तास पुरतात हे ॲपमध्ये कुठं लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. माझं डोकं इतकं फिरलं होतं की दोन दिवस मी त्यांच्याशी भाजी-पोळीपुरतंच बोलले.

त्यांचा आराखडा मात्र देखणा होता. चार रंगांत छापून फ्रिजवर चिकटवला. ग्वाल्हेरहून शंभर टक्के बॅटरी घेऊन निघायचं, शिवपुरीला न थांबता थेट गुना, तिथे तासभर चार्जिंग आणि नाश्ता, पुढे शाजापूरला पाऊण तास, मग इंदूर. प्रत्येक ठिकाणी किती वाजता किती टक्के उरतील तेही लिहिलेलं. मंगळवारभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कागद दाखवला गेला. दूधवाल्यालासुद्धा.

आता घोळ इथून सुरू होतो. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल, म्हणजे त्या दिवशी त्या दिशेला निघणं वाईट. ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत यावर तोड आहे. आदल्या दिवशी चांगली वेळ बघून तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधायचं आणि जायच्या दिशेला राहणाऱ्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. तुम्ही आदल्या दिवशीच निघालात असं धरलं जातं. दुसऱ्या दिवशी जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. नियम एकच, प्रस्थान ठेवलेली वस्तू प्रवास झाल्याशिवाय घरी परत आणायची नाही.

माझ्या सासूबाई मूठभर तांदळावर काम भागवायच्या. ह्यांचं तेवढ्यावर भागेना. त्यांचं म्हणणं, जाणार आहे ती गाडी, तेव्हा प्रस्थान गाडीचंच ठेवायचं. बुधवारी दुपारी तीनची वेळ चांगली निघाली. तीनला त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, गाठोडं पुढच्या काचेपाशी ठेवलं आणि गाडी दक्षिणेकडच्या दाना ओली या गल्लीत आपल्या आत्याच्या दारापाशी नेऊन उभी केली. मग रिक्षानं परत आले, चहा प्याले आणि बैठकीला गेले. चेहऱ्यावर मोठं कर्तव्य पार पाडल्याचा आनंद.

संध्याकाळी मी फ्रिजमधून दही काढत होते. समोर कागद होता. पहिलीच ओळ, ग्वाल्हेर, शंभर टक्के. मला आठवलं की सकाळपासून हे गाडी घेऊन देवळात, टायरची हवा बघायला आणि दोन मित्रांना कागद दाखवायला हिंडत होते. चार्जर आमच्या घराच्या पार्किंगमध्ये भिंतीवर, आणि गाडी दाना ओलीत. ते आल्यावर मी विचारलं, हे शंभर टक्के कुठून यायचे? ते कागदाकडे बघत राहिले. मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

मी सांगितलं, गाडी घरी आणा, रात्रभर लावा, पहाटे निघू. ते म्हणाले, प्रस्थान ठेवलेली गाडी घरी आणली तर प्रवासच मोडतो. मी म्हटलं, मग शहरातल्या एखाद्या चार्जरवर न्या. तर ते सगळे आमच्या घराच्या बाजूला, म्हणजे मागे, आणि मागे वळायचं नाही. शेवटी गाडीसोबत मिळालेली चार्जिंगची लांब वायर घेऊन आम्ही दोघं दाना ओलीत गेलो. आत्याबाईंच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडली. अर्धी गल्ली बघायला जमली. जुन्या घराला अर्थिंग नव्हतं, त्यामुळे वायरच्या डबीवर लाल दिवा लागला आणि एक टक्कासुद्धा चढला नाही. गाडीत अडुसष्ट होते, अडुसष्टच राहिले. आत्याबाई वरून म्हणाल्या, "अरे इतकी फिकर कशाला करून राहिलास, प्रस्थान नीट ठेवलंय ना, सब ठीक होईल." मी म्हटलं, मग आरतीचं तबक आणा, ओवाळून बघू चढतेय का बॅटरी. त्यावर कुणी हसलं नाही. मीही हसवण्यासाठी म्हटलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे आम्ही आमच्याच गाडीपर्यंत रिक्षानं गेलो. सव्वापाचला निघालो. आता शिवपुरीला थांबणं भाग होतं. तिथे एका हॉटेलच्या आवारात एकच चार्जर, त्याला आधीच एक गाडी जोडलेली, आणि तिचा मालक आत पोहे खात होता. त्यानं पोहे संपवले, मग चहा मागवला, मग दुसरा चहा. हे जाऊन त्याला आपला आराखडा समजावत बसले. पाऊण तास गेला. आमची पाळी आली तेव्हा वीज इतकी हळू चढत होती की मी आकड्याकडे बघणंच सोडलं. निघायला नऊ वाजले, बॅटरी जेमतेम साठ. रस्ताभर एसी बंद. काच उघडली की हे म्हणत, बंद कर, वाऱ्यानं गाडी बॅटरी जास्त खाते. मी काच उघडीच ठेवली.

अकराला गुन्याच्या बायपासवर पोचलो. ॲपवर तिथला चार्जर हिरवा होता. प्रत्यक्षात त्याचा पडदा काळा. एका ढाब्याला लागून ते आवार होतं. पहारेकरी खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "परसों से बंद है साहब. ऐप को किसने बता दिया कि चालू है?" ह्यांनी त्याला मोबाइल दाखवला. त्यानं तो निरखून बघितला आणि परत दिला.

पुढचा चार्जर ब्यावऱ्याला, आणि तिथवर जायला बॅटरी पुरणार नव्हती. ढाबेवाल्यानं साध्या प्लगवर गाडी लावायची परवानगी दिली. तसं केलं तर चार-पाच तास लागणार होते. मी हिशोब केला. चार वाजता गुन्याहून निघालो तर ताई विमानतळावर. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. हे खाटेवर बसले, मोबाइल उघडला आणि शांतपणे म्हणाले की तसाही दीड ते तीन राहूकाळ आहे, तेव्हा निघायचंच नव्हतं, जे होतं ते चांगल्यासाठी. ताईला फोनवर बोलून घे.

ते वाक्य मी ओळखलं. अकरा वर्षांपूर्वीही त्यांनी हेच सांगितलं होतं, फोनवर बोलून घे. मी उठले, पर्स घेतली, पाण्याची बाटली घेतली.

"तुम्ही बसा राहूकाळात. मी बसनं जाते," मी म्हटलं.

"प्रवासात दोघांनी वेगळं व्हायचं नसतं. प्रस्थान मोडतं."

"मोडू दे. मागच्या वेळी काही मोडलं नाही मी, आणि आई गेली."

त्यांनी मान वर केली. मी रस्ता ओलांडून उभी राहिले. दहा मिनिटांत ग्वाल्हेरहूनच येणारी इंदूरची बस आली आणि मी हात दाखवल्यावर थांबली. ती आमच्या बरीच मागून निघालेली होती हे नक्की. मला ड्रायव्हरमागची आडवी सीट मिळाली. खिडकीतून बघितलं तर हे वायर हातात घेऊन गाडीपाशी वाकले होते.

बस प्रत्येक गावाला थांबली. ब्यावरा, सारंगपूर, शाजापूर. शाजापूरला कंडक्टर जेवायला उतरला आणि मी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. माताजी, दो रोटी तो खाने दो, म्हणाला. मी सांगितलं, खा, पण मी इथेच उभी आहे. तो लवकर उठला. वाटेत ह्यांचे सहा फोन आले. मी एकही घेतला नाही. ताईला काय सांगायचं ते मनात जुळवत होते. देवासच्या पुढे रस्ता अडला तेव्हा मी मोठ्यानं शिव्या दिल्या, शेजारच्या बाईनं पिशवी सरकवून घेतली.

सहाला दहा कमी असताना इंदूरला उतरले आणि रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात मारत मारत सहा वाजून दहा मिनिटांनी ताईच्या दारात पोचले. दार तिनंच उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते. तिनं आधी माझ्या मागे जिन्याकडे बघितलं.

"एकटीच?"

"हो. ते गुन्याला आहेत. गाडीची बॅटरी संपली."

"आणि तू?"

"बसनं आले."

घरात चार बॅगा आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. भांडी गेलेली, म्हणून तिनं मला कागदाच्या पेल्यात पाणी दिलं. आईचा फोटो भिंतीवर नव्हता, खिळा होता. माझ्याकडे वीस मिनिटं होती आणि बसमध्ये जुळवलेलं सगळं मी विसरून गेले. शेवटी जे सांगायला आले होते तेवढंच निघालं. "ताई, आईच्या वेळी मला ताप नव्हता. अमावास्या होती. ह्यांनी निघू दिलं नाही."

मला वाटलं होतं ती ह्यांना दोष देईल, मग आम्ही दोघी मिळून देऊ, आणि त्यात आमचं जुळेल. तिनं खाली बॅगेच्या चेनकडे बघत विचारलं, "बस तर तेव्हाही होती ना?"

"होती," मी म्हटलं.

खाली टॅक्सी लागली. मी तिची एक बॅग उचलली. ती माझ्या हातून तिनं काढून घेतली नाही, पण जिना उतरेपर्यंत बोललीही नाही. टॅक्सी गेल्यावर मी फाटकापाशी उभी राहिले. पर्समध्ये फोन वाजत होता, बॅटरी किती झाली ते सांगायला असणार. मी तो वाजू दिला. अकरा वर्षं मी पंचांगावर दात खाल्ले, ह्यांच्यावर खाल्ले, नंतर त्या गाडीवर खाल्ले. बसस्टँड आमच्या घरापासून तेव्हाही दहाच मिनिटांवर होता.