मंगलच्या बाटलीतले बुडबुडे

बाटलीतल्या बुडबुड्यांकडे बघत कुणी तीन-तीन आठवडे काढलेले पाहिलेत का हो तुम्ही? मी पाहिलेत! मी सुरतेला मुलांच्या वॉर्डात आयाबाई होते. तिथले किस्से कपाटातल्या चादरींसारखे, एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. हे सगळे एका मंगलचेच.

प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी सुरतेच्याच बमरोली भागातली ही सहा वर्षांची मंगल आली. न्यूमोनियाने फुप्फुसाला भोक पडलेलं. छातीत नळी, नळीचं टोक खाली बाटलीतल्या पाण्यात. भोकातून निसटलेली हवा पाण्यात बुडबुडे काढायची. बुडबुडे थांबले, की भोक बुजलं!

तिची आजी पहिल्या दिवशी बाटलीला हात लावेना. म्हणाली, "चूल ना गॅस, आणि उकळतंय कसं गं माय?"

*

दोन दिवसांनी बघते, तर बाटलीला हळदीकुंकू, आणि बाटली मंगलच्या उशाशी! येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय लागतात म्हणून आजीने वर ठेवलेली. बाटली वर गेली, तर पाणी उलटं छातीत जायचं! मी धावत जाऊन खाली ठेवली.

आमचे गुजराती डॉक्टर हात जोडून म्हणाले, "माँजी, भगवान ऊपर, बाटली नीचे!"

*

फुप्फुस फुलावं म्हणून डॉक्टरांनी मंगलला फुगे फुगवायला सांगितले. संध्याकाळी खाटेला बारा फुगे बांधलेले! डॉक्टर खूश. "शाब्बास, मंगल!"

मंगल म्हणाली, "मी एकच फुगवला."

शेजारी आजी पदराने वारा घेत बसलेली. "पोरीला दम लागतो हो. उरलेले मी फुगवले!"

*

तीन आठवडे झाले, तरी बुडबुडे थांबेनात. डॉक्टर म्हणाले, "एक शेवटचा उपाय करू. नाही जमलं, तर ऑपरेशन. छाती उघडावी लागेल." मंगलचा बाप अरुण, खानदेशातून कामाला आलेला, खाटेजवळून उठून पुढे आला.

उपाय असा, की हातातून थोडं रक्त काढून नळीतून छातीत सोडायचं. ते गोठलं, की भोक बुजतं.

अरुणने लगेच बाही वर केली. "मन्हं रगत ल्या ना साहेब! तिन्हं कितलंसं शे?"

"तुझं नाही चालत, तिचंच लागतं. थोडंसंच," डॉक्टर म्हणाले.

आजीचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे घरातलं घरातच!"

*

दुपारी रक्त सोडलं. अरुण कामावर जाईना. पंधरा वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग चालवणारा माणूस, पण त्या दिवशी बाटलीसमोरून उठेना. आजीने ढकलत पाठवला, "तू इथं बसून काय बुडबुडे गिळणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुण रात्रपाळी करून थेट वॉर्डात आला. बाटलीत एकही बुडबुडा नव्हता. त्याने बाटलीकडे पाहिलं आणि सगळा वॉर्ड जागा होईल असा मला हाक मारत ओरडला, "मौशी, बाटली बंद पडनी! मेकॅनिकले बलावा!"