कोळ्याच्या जेवणाची सोय

राजमती मगदूम आयुष्यात कुणाला घाबरली नसेल तेवढी त्या आठवड्यात एका कोळ्याला घाबरली होती, आणि गंमत म्हणजे तो कोळी अजून घरात यायचाच होता.

साधासुधा कोळी नव्हे, टॅरँटुला. तळहाताएवढा, अंगभर केस. इचलकरंजीच्या ऋतुराजनं तो रीतसर कागदपत्रांसकट पाळलेला. आता त्याला नोकरीसाठी दुबईला जायचं होतं, म्हणून कोळी मित्राच्या, म्हणजे राजमतीच्या पोराच्या, जिनेशच्या हवाली करायचं ठरलं होतं.

जिनेशचंही सांगायला हवं. पोरगा चोवीस वर्षांचा. पुण्यातली नोकरी गेली तसा घरी आला, खोलीत शिरला आणि आठ महिने बाहेर आलाच नाही म्हटलं तरी चालेल. दाढी वाढली, बोलणं आटलं. जेवायला हाक मारली की "नको", मामाकडं पेठ वडगावला जाऊ या म्हटलं की "बघू". एक दिवस राजमतीनं सुतार बोलावून त्याच्या खोलीची आतली कडी काढून घेतली. गंजली होती म्हणून सांगितलं. खरं कारण तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. बंद दाराआड पोरानं काही करून घेतलं तर, हे तोंडातून काढायची तिची छातीच नव्हती.

असा हा पोरगा एका संध्याकाळी स्वैपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "आई, ऋतूचा कोळी आणू?"

राजमतीनं भाकरी तव्यावर तशीच सोडली. "आण की!" कशाला, कुठं ठेवायचा, काही विचारलं नाही. त्यानं वाघ मागितला असता तरी बाई व्हय म्हणाली असती.

तिचा नवरा श्रेणिक शाहूपुरीत विहिरीच्या मोटारी विकतो. त्यानं कपाळावर हात मारला. "खुळी का काय तू? लोक कुत्री पाळत्यात, मांजरं पाळत्यात..."

"लोकांचं लोकांपाशी. आपला पोरगा आठ म्हैन्यांत पैल्यांदा कायतरी मागतोय."



मग तयारी सुरू झाली. जिनेश खरंच उठला, दाढी केली, काचेची पेटी आणली आणि बाहेरच्या सोप्यातल्या टेबलावर मांडली. तळाला नारळाच्या शेंड्यांचा भुसा, लपायला अर्धी फुटकी कुंडी, वर जाळीचं झाकण. पेटी उंच नको, कोळी वरनं पडला तर त्याचं पोट फुटतं, हेही त्यानंच सांगितलं. झालं, राजमतीची झोप उडाली. पाण्याची बशी खोल झाली तर? बुडाला तर? मुंग्या लागल्या तर? जैनाच्या घरात मुंगी मारायची पद्धत नाही, म्हणून तिनं टेबलाच्या चारी पायांभोवती हळद ओढली. पेटी गार पडली का, तापली का, दिवसातनं दहा वेळा हात लावून बघायची. कोळ्याला काही झालं तर पोरगा परत भिंतीकडं तोंड करून पडेल, या भीतीनं तिला घास गोड लागत नव्हता.

आणि मुख्य गोष्ट तिनं विचारलीच नव्हती. ती चौथ्या दिवशी सुचली.

"खातंय काय रे हे?"

"रातकिडे."

"मेलेले न्हवं?"

"जिवंत."

बाईच्या पायाखालची जमीन सरकली. ती पाणी फडक्यानं गाळून पिणारी, मेथीची जुडी पान न् पान उलटून बघणारी आणि किडा निघाला तर त्याला अलगद कुंडीत नेऊन सोडणारी. तिनं जिवंत जीव दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा? बरं, नाही द्यायचा तर कोळी उपाशी मरणार. तोही जीवच की. आणि त्याच्यामागनं जिनेश... पुढचा विचार तिनं तिथंच तोडला.

तिनं गुपचूप ऋतुराजला फोन लावला. "मेलेला किडा चालतंय का रे?"

"ताजा असला तर घेतंय कधीमधी, काकू."

सुटले बाई एकदाची! शेजारच्या धान्याच्या गोदामाच्या दिव्याखाली सकाळी किड्यांचा सडा पडलेला असायचा. राजमती कुंकवाची रिकामी डबी घेऊन तिथं जायला लागली. एकेकाला फुंकर मारून बघायची. हलला तर सोडून द्यायची, नाही हलला तर डबीत. कुणी विचारलंच तर "बकुळीची फुलं वेचतीय" म्हणून ठोकून द्यायची. आसपास बकुळीचं झाड नव्हतं हा भाग वेगळा. दोन दिवसांत डबी भरली. कुणाला मारायला नको, कुणाला उपाशी ठेवायला नको. त्या रात्री ती चार घास नीट जेवली.

रविवारी ऋतुराज खांद्याला पिशवी अडकवून, डबा जपून धरून आला. कोळी मादी होती. त्यानं तिला हळूच पेटीत उतरवलं. ती भुशावरनं चार पावलं चालली आणि कुंडीखाली जाऊन बसली. जिनेश गुडघे टेकून बघत होता, आणि राजमती कोळ्याकडं नाही, जिनेशकडं बघत होती. मग तिनं मोठ्या ऐटीत डबी पुढं केली.

ऋतुराजनं झाकण उघडलं. "काकू, हे कुठनं आणलं?"

"शेजारच्या गोदामापासनं. आपसूक मेलेलं हाईत सगळं."

"एवढं एकदम आपसूक मरत्यात व्हय? औषध फवारत असणार तिथं. ह्यातला एक जरी हिनं खाल्ला असता तर गेली असती की ही."

राजमतीनं डबी मागं ओढून घेतली. तिच्या घरात फवारणीचा डबा कधी आलाच नव्हता. किडा त्याचं आयुष्य संपलं की मरतो, एवढंच तिला ठाऊक.

जिनेश उभा राहिला. चेहरा परत पहिल्यासारखा, विझलेला. "घेऊन जा ऋत्या हिला. आमच्या घरात न्हाय जमायचं हे." आणि तो खोलीकडं वळला.

"थांब!" राजमती एवढ्या मोठ्यानं ओरडली की ऋतुराज दचकला. तिनं त्याच्या पिशवीतली रातकिड्यांची बरणी ओढून काढली. आत ते उड्या मारत होते. "मी घालीन. दर आठवड्याला मी घालीन. पाप लागायचं ते मला लागू दे. तू खोलीत जाऊ नको, जिनू. तेवढं नको रे."

जिनेशनं मागं वळून आईकडं बघितलं. लई दिवसांनी नीट बघितलं. बरणी छातीशी धरून ती रडत होती.

"एकाचं कर्म दुसऱ्याला घेता येत न्हाय, आई," तो म्हणाला. "तूच शिकवलंयस की." त्यानं बरणी तिच्या हातातनं काढून घेतली. "माझं मी घालीन."

"दर आठवड्याला?"

"व्हय."

"किती दिवस?"

"दिवस कसलं? मादी हाय ही. पंधरा-वीस वर्षं जगतीया."

राजमतीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. आठ महिने घशात अडकलेलं शेवटी बाहेर पडलं. "मग वीस वर्षं तू हाईस न्हवं?"

ती काय विचारतेय ते कळायला जिनेशला एक क्षण लागला. कळलं तशी त्यानं मान खाली घातली.

"हाय की," तो म्हणाला. "हाय मी, आई."

राजमती तिथंच फरशीवर बसली आणि परक्या पोरासमोर हमसून हमसून रडली.