पुन्हा सर

आलेख सुंदर आला की पुन्हा सरांचा चेहरा पडायचा. वाकडातिकडा, मध्येच एखादा बिंदू भलतीकडे पळालेला आलेख नेला, तर खुर्ची पुढे ओढून चहा मागवायचे. स्वच्छ रेषेचा नेला की कागद घेऊन खिडकीशी जायचे, उजेडाला तिरका धरायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "मॅडम, पुन्हा घ्या." कॉलेजातल्या पोरांनी त्यावरूनच त्यांचं नाव 'पुन्हा सर' पाडलं होतं. ते सरांना माहीत होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

कागद तिरका धरायची सवय वडिलांकडून आलेली. वडील शिरड शहापूरच्या बाजारात भांड्यांना कल्हई करायचे. सर म्हणायचे, "अब्बा भांडं पुढून बघायचेच न्हाईत. तिरकं धरून कड बघायचे. मध्ये तर कोणाचीबी कल्हई चमकते." हे ऐकायला छान वाटतं. आठवडाभर ऊन खाऊन आणलेला आलेख कुणी असा कडेनं बघायला लागलं की छान वाटत नाही.

मी हिंगोलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवते. पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा चाळिशी ओलांडली होती. घरात दोन मुलं, सासूबाई आणि कॉलेजात आठवड्याचे अठरा तास. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हतं. विभागप्रमुखाचं पद रिकामं होणार होतं आणि डॉक्टरेटशिवाय ते मिळणार नव्हतं. मला लवकर संपवून देणारा मार्गदर्शक हवा होता. माझ्या विषयात विद्यापीठाची मान्यता असलेले आमच्याकडे एकटे पुन्हा सरच होते.

विषयही त्यांनीच दिला. बोअरमधल्या मोटरचं बेरिंग जायला लागलं, की तिला जाणाऱ्या करंटमध्ये बारीक फरक पडतो. वर स्टार्टरच्या पेटीत, वायरभोवती चिमट्यासारखा सेन्सर लावायचा, करंटची नोंद लॅपटॉपमध्ये घ्यायची आणि मोटर चांगली की खराब ते कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं. मोटर वर काढायची म्हणजे चैनकप्पी, पाच माणसं आणि अख्खा दिवस. त्यामुळे काम उपयोगाचं होतं, हे मी कबूल करते.

पण सरांची नोंदवही. करंट, व्होल्टेज ठीक आहे. त्यांना लाईट किती वाजता आली, मोटर कधी बसवली, शेवटची दुरुस्ती कुणी केली, शेजारच्या शेतातली मोटर चालू होती का बंद, हेही हवं असायचं. ज्या आठवड्यात शेतीला रात्रीऐवजी दिवसा लाईट असेल त्याच आठवड्यात मला जाता यायचं. डोंगरकडा गावच्या केळीच्या बागांमधून स्कूटी ढकलत मी एका दिवसात चार मोटरी कशाबशा उरकायचे, आणि सर विचारायचे, "शेजारची मोटर बघितली न्हाई? मग हे आपण काय लिहून राहिलो?"

दोन वर्षांत चाळीसेक मोटरी झाल्या. कॉम्प्युटरनं जवळजवळ एकही चूक केली नाही. सरांनी तो निकाल सलग तीन दिवस उजेडाला धरला. दोष सापडला नाही, तेव्हा सही केली. निबंध एका बऱ्या नियतकालिकात छापून आला. प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले. त्या कार्यक्रमात सर मागच्या रांगेत दहाव्याला आल्यासारखे बसले होते. मी म्हटलं, "सर, आज तरी हसा." म्हणाले, "हसतो की. कळू द्या आधी, एवढं चांगलं काहून आलं ते."

ते कळलं गणपतरावांमुळे. डोंगरकड्याच्या या गृहस्थांची मोटर आमच्या यादीत 'खराब' होती. त्यांनी ती वर काढून बेरिंग बदललं आणि पुन्हा सोडली. काम दाखवायला मी मुद्दाम सरांना घेऊन गेले, नोंद घेतली. कॉम्प्युटर म्हणाला, खराब. गणपतराव भला माणूस. शिकलेल्या बाईचं यंत्र सांगतंय म्हणून त्यांनी पुन्हा पाच माणसं जमवली, मोटर पुन्हा वर काढली. बेरिंग नवं करकरीत. पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो. कॉम्प्युटर म्हणाला, खराब.

गणपतराव स्टार्टरच्या पेटीला टेकून तंबाखू मळत होते. म्हणाले, "म्याडम, राग नका मानू. तुमचा कंप्युटर आमची मोटर वळखतो. आजार न्हाई वळखत."

मी हसले. सर हसले नाहीत. ते तिथंच बांधावर बसले आणि मला म्हणाले, "प्रत्येक मोटरची नोंद आपण बारीक तुकडे करून वापरली. बरोबर? शिकवायला कोणत्या मोटरींचे तुकडे दिले आणि परीक्षेला कोणत्या?"

"सगळे तुकडे एकत्र करून वाटले, सर. काही इकडं, काही तिकडं."

"म्हणजे एकाच मोटरचे दोन्हीकडं."

"हो."

"म्हणजे पेपरात तीच गणितं आली, आकडे पण तेच."

प्रत्येक मोटरच्या करंटची स्वतःची एक ढब असते, माणसाच्या अक्षरासारखी. आमच्या कॉम्प्युटरनं अक्षर पाठ केलं होतं. ज्याचं ते अक्षर, त्याच्या नावापुढे आम्हीच लिहिलेला शेरा तो वाचून दाखवत होता. तरी मी म्हटलं, "सर, सगळे असंच करतात. मी वाचलेल्या कितीतरी निबंधांत असंच आहे."

"असंल. म्हणून तर त्यातली एकबी पद्धत बांधापर्यंत आली न्हाई."

चार दिवसांनी त्यांनी मला बोलावून सांगितलं की निबंध मागे घेत असल्याचं पत्र संपादकांना गेलं आहे. 'गेलं आहे' म्हणाले; 'पाठवू का?' असं नाही. पीएच.डी.ला दोन निबंध लागत होते. माझ्याकडे आता सुरुवातीचा एकच उरला होता, नोंदणीची मुदत संपायला अकरा महिने होते आणि हा मनुष्य मला हे वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं सांगत होता.

"मला विचारायचं तरी, सर."

"विचारलं असतं तर तुमी न्हाई म्हणाला असता. मग मला पाठवता आलं नसतं." मग म्हणाले, "पत्रात चूक माझी लिहिलीय. सही माझी होती."

मी उठून आले. पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. स्टाफरूममध्ये ते आले की मी वर्गावर जायचे, तास नसला तरी.

सोळाव्या दिवशी, रविवारी, वारंगा फाट्यावरच्या मोटर रिवायंडिंगच्या मिस्त्रींचा फोन आला. "म्याडम, तुमचे सर सकाळधरनं माझ्या दुकानात स्टुलावर बसून राहिलेत. गिऱ्हाईक मोटर घेऊन आलं की त्याला विचारतात, वर काढायच्या आधी आमाला काहून न्हाई सांगितलं. दोन जण वापस गेले. त्यांना वाटलं लाईट बोर्डाचा साहेब हाय. घेऊन जा त्यांना, लई तकलीफ झाली."

मी गेले. सर घामेजलेले, मांडीवर नोंदवही. मला बघून म्हणाले, "आधी आणि नंतर, दोन्ही पाहिजे, मॅडम. तीच मोटर खराब असताना आणि तीच दुरुस्त झाल्यावर. आणि काही मोटरी परीक्षेपर्यंत कॉम्प्युटरला दाखवायच्याच न्हाईत." हे मला माहीत होतं. पंधरा दिवस मी दुसरा कसलाही विचार केला नव्हता. मी मिस्त्रींना, कुणी मोटर काढायचं म्हणालं तर आधी मला असाच फोन करा म्हटलं, आणि सरांना गाडीवर बसवून घरी सोडलं.

पुढचे सहा महिने कसे गेले ते लिहीत नाही. मिस्त्रींचा फोन आला की तास बदलून निघायचं. स्कूटीमागे सर, मांडीवर लॅपटॉप, त्यावर माझा डबा. डबा अर्धा तेच संपवायचे आणि भाजीत मीठ कमी आहे, हेही सांगायचे. मधल्या काळात माझ्याहून आठ वर्षांनी लहान सहकाऱ्याची पीएच.डी. झाली आणि विभागप्रमुखाचं पद त्याच्याकडे गेलं. डोंगरकड्याला जायचं म्हणून मी रजेचा अर्ज त्याच्याकडे न्यायचे. तो उभा राहून सही करायचा. त्यानं ते आणखी अवघड व्हायचं.

निकाल आला. बाजूला ठेवलेल्या चोवीस मोटरींपैकी सतरा बरोबर, सात चूक. पहिल्या निकालापुढे हे नापासच. त्यावरचा निबंध एका नियतकालिकानं परत पाठवला, दुसऱ्यानं शेवटच्या महिन्यात घेतला. प्रबंध बांधून आला तेव्हा मुदतीचा शेवटचा दिवस होता. विद्यापीठाची खिडकी पाचला बंद होणार, नांदेड दोन तासांवर, आणि बाहेर माझा नवरा गाडी सुरू ठेवून बसलेला. फक्त मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सही राहिली होती.

सरांनी ते छापील प्रमाणपत्र वाचायला घेतलं. सगळं जग त्यावर न वाचता सही करतं. त्यात एक ओळ होती, सदर संशोधन समाधानकारक आहे. सर तिथं थांबले. पेन उघडं, हात हवेत.

"तुमचं समाधान झालं का, मॅडम?"

घड्याळात पावणेतीन झाले होते. खरं तर मी ओरडणारच होते. पण त्या माणसाशी खोटं बोलायची सवय इतक्या वर्षांत मोडली होती.

"नाही झालं," मी म्हटलं. "सात मोटरी चुकल्या. का चुकल्या ते मला कळलेलं नाही."

"बराबर," सर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

डिगरी मिळाली. त्याच वर्षी सर निवृत्त होऊन पुण्याला लेकीकडे गेले. माझं काम चांगलं झालं, असं ते जाईपर्यंत एकदाही म्हणाले नाहीत. फोनवर तब्येतीची चौकशी केली की दोन वाक्यांत संपवायचे आणि सातांपैकी अमुक मोटरचं काय झालं, म्हणून विचारायचे. मागच्या थंडीत त्यांच्या लेकीचा फोन आला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही, म्हणाली.

त्या सातांपैकी तीन मला उलगडल्या आहेत. दोन ठिकाणी एका फेजला व्होल्टेज कमी येत होतं आणि एकीची केबल खाली मध्येच जोडलेली निघाली. चार राहिल्या. आता त्यातून मला काही मिळायचं नाही. त्यावर कुणी काही छापणार नाही, पद तर कधीच गेलं. या आठवड्यात डोंगरकड्याला दिवसा लाईट आहे. "आता कोणासाठी चाललीस?" म्हणून नवऱ्यानं विचारलं. मी चिडून म्हटलं, "माझ्यासाठी," आणि सेन्सर पिशवीत टाकला.