साडूभाऊंची स्वतःची बॅग

माझ्या साडूंइतकी उत्तम बॅग भरणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका कमी प्रवास केलेलाही नसेल. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी, जेलरोडला फ्लॅट आणि निवृत्तीनंतर संध्याकाळची एक फेरी, एवढंच त्यांचं जग. पण आमच्या दोन्ही घरांतलं कोणीही गावाला निघालं की बॅग भरायला साडूभाऊच लागत. ‘भरणाऱ्याचा नाही, उघडणाऱ्याचा विचार करायचा,’ असं ते म्हणत. मी एकदा कामासाठी सुरगाण्याला मुक्कामी गेलो, तर त्यांनी माझ्या बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून विजेचा बल्ब घातला होता. मी खूप हसलो. विश्रामगृहाच्या खोलीत पोहोचलो, बटण दाबलं, वर नुसता रिकामा होल्डर, आणि मुकाट्यानं टॉवेल सोडला.

अशा माणसाची एकुलती एक लेक, सायली, समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायला शिकली. साडूभाऊ म्हणजे रामकुंडावरही पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करणारे. त्यांनी पोरीला अडवलं नाही, फक्त बॅगेचा ताबा घेतला. यंदा तिनं अंदमानची सहल ठरवली. आठवडाभर बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं-झोपायचं आणि दिवसातून तीन-चारदा पाण्याखाली जायचं. बोटीवर खोल्या एवढ्याशा, म्हणून कडक सुटकेस चालणार नाही, घडी होणारी बॅग आणा, असं बोटवाल्यांनी कळवलं होतं. साडूभाऊ खूश झाले. रबरी पोशाखाची घडी पडू नये म्हणून त्यांनी तो अंथरुणासारखा गुंडाळला. पायात घालायच्या लांब पंखांच्या पोकळीत मोजे आणि मळमळीच्या गोळ्या बसवल्या. श्वासाची नळी बादलीत बुडवून तपासली. काचेच्या मुखवट्याचा पट्टा टोचतो का, हे कळावं म्हणून तो चढवून सकाळभर पेपर वाचत बसले. शेवटी ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, म्हणाली, “अहो, काढा ते. दूधवाला पिशवी दारातच टाकून पळाला.”

निघायच्या आधीच्या आठवड्यात सायलीच्या मैत्रिणीचं यायचं रद्द झालं. सायली सहज म्हणाली, “बाबा, जागा रिकामी आहे. तुम्हीच चला. पाण्यात नका उतरू, नुसते बोटीवर बसा.” ते नाही म्हणतील अशी आमची सगळ्यांची खात्री होती. पण ते म्हणाले, “येतो.”

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. “भाऊजी, जरा येऊन जा. यांना स्वतःची बॅग भरता येईना.”

मी गेलो. पलंगावर उघडी बॅग होती, आत फक्त एक पंचा. शेजारी साडूभाऊ हात मांडीवर ठेवून बसले होते.

“मला काय लागतं, तेच सुचेना हो,” ते म्हणाले. “तुमचं सगळ्यांचं बरोबर सुचतं.”

मग त्यांची बॅग मी भरली. वाईट भरली. त्यांनी तशीच तिची चेन ओढली.

पुढचं सायलीनं सांगितलं. ती पाण्यात उतरली की हे कठड्याला धरून तिचे बुडबुडे बघत उभे राहायचे. जेवायला बोलावलं तरी हलायचे नाहीत. एकदा प्रवाहानं तिला बोटीच्या दुसऱ्या बाजूला नेलं. ती वर आली, शिडी चढली, ओल्या पायांनी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, तरी यांची नजर पाण्यावरच. “बाबा,” तिनं हाक मारली. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, पण कठडा सोडायला त्यांना थोडा वेळ लागला.

परत आल्यावर मी विचारलं, “काय काय पाहिलंत?”

“पाणी,” ते म्हणाले. चहाचा कप हातात तसाच होता. “पोर उतरली ना, की ते लगेच मिटतं. इथे आत्ता कोणी गेलंय, असं वाटतच नाही.”

मग थोड्या वेळानं म्हणाले, “पुढच्या वर्षीही जाणारे म्हणते ती. मला परत विचारील का हो?”