क्लचचा पाय

ज्यानं जन्मात कधी बॉनेट उघडलेलं नसतं, तोच गाडीवर सगळ्यात जास्त बोलतो. मागच्या थंडीत मी गाडी घ्यायला निघाले आणि बऱ्हाणपुरातल्या अशा सगळ्यांना एकदम कंठ फुटला.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी पहिली आणि डिग्री हातात घेऊन बाहेर पडणारीही पहिलीच. इथल्याच एका कापड मिलमध्ये बारा वर्षं मेंटेनन्स बघते. मशीन बंद पडली की मला बोलावतात. मशीन सुरू झाली की तेच लोक विचारतात, “मॅडम, तुम्ही ऑफिसात बसता का?” ग्रीसनं माखलेले हात समोर दिसत असताना विचारतात. त्यामुळे गाडीच्या बाबतीत काय होणार, याचा अंदाज मला होताच.

मला पळणारी गाडी हवी होती, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाईनं घ्यायची गाडी म्हणजे छोटी, मऊ, मागे देवाचं स्टिकर लावलेली, असं इथे सगळ्यांनी ठरवून टाकलेलं आहे. मी ठरवलेलं नव्हतं. नवी परवडत नव्हती म्हणून इंदूर रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात गेले, आणि तिथे दोन गाड्यांवर येऊन अडकले.

एक पांढरी, परदेशी कंपनीची, लांब आणि बुटकी. तिला मागची चाकं ढकलतात, पण गिअर आपोआप पडतात. क्लच नाहीच. दुसरी लाल, छोटी. तिचे सहा गिअर हातानं टाकायचे, क्लच पायानं दाबायचा, पण ओढतात पुढची चाकं. हाताचे गिअर आणि मागच्या चाकांचा जोर, दोन्ही एकाच पळणाऱ्या गाडीत हवं असेल तर ती माझ्या पगाराची गोष्ट नाही. दोन्ही हवंच असेल तर केळीचा पिकअप घ्यावा. त्याला हाताचे गिअर असतात, इंजिनाचा जोरही मागच्याच चाकांना असतो. मंडीच्या रस्त्यावर असे शेकडो उभे असतात. पण त्यांच्यासमोर गॉगल लावून कोणी फोटो काढत नाही.

पहिला सल्ला आला जिजाजींचा. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, दारात एक काळी उंच गाडी आहे, आणि रिकाम्या वेळात मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघणं हा अभ्यास आहे.

“साली साहिबा, आँख बंद करके सफेदवाली घ्या,” ते म्हणाले. “रिअर व्हील म्हणजे रिअर व्हील. मागून धक्का लागतो ना, त्याची मजाच अलग.”

“जिजाजी, तुमच्या गाडीत इंजिन कुठल्या चाकांना फिरवतं?”

“म्हंजे?”

“पुढच्या का मागच्या?”

“चारी फिरतात ना. तीनच फिरले तर गाडी चालंल का?”

आत ताई चहा गाळत होती. तिला हसू आवरलं नाही, म्हणून तिनं गाळणी जोरात आपटली. जिजाजींच्या गाडीला इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना आहे. मागे मात्र त्यांनी शनवाऱ्याच्या बाजारातून आणलेलं ‘4x4’ असं चकचकीत स्टिकर लावलं आहे. एकदा बहादरपुरच्या शेतरस्त्यावर काळ्या चिखलात ती रुतली, तेव्हा स्टिकरसकट ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. त्यावर ते म्हणाले होते, “चिखलच खराब होता.”

दुसरा सल्ला मिलमधून. आमचे प्रॉडक्शनचे साहेब. त्यांचं म्हणणं, मॅन्युअल हीच मर्दाची गाडी, बाकी सगळे झोपाळे.

“फील पाहिजे, मॅडम, फील,” ते म्हणाले. “पण तुम्हाला जमेल का? ट्रॅफिकमध्ये पाय दुखतो.”

साहेब क्वार्टरपासून गेटपर्यंत गाडी आणतात. सगळं अंतर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लचवर पाय ठेवून. मी म्हटलं, “साहेब, दोन वर्षांत तुमची क्लच प्लेट दोनदा जळाली. फील सगळा त्या प्लेटलाच येत असंल.”

त्यांनी आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. तो आठवडा चांगला गेला.

पण खोटं का बोलू, मला मनातून लालच आवडली होती. तिचा दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना हाताला जो टचकन होकार मिळत होता, तो मिलमधल्या चांगल्या बसलेल्या बेअरिंगसारखा होता. मागची चाकं, पुढची चाकं, हा वाद मला बऱ्हाणपुरात तरी फुकटचा वाटतो. इथे दर दोनशे पावलांवर गतिरोधक, मध्ये केळीच्या ट्रॉल्या, कडेनं ई-रिक्षा. ज्या वळणावर मागचं चाक आपली करामत दाखवणार, त्या वळणावर म्हैस बसलेली असते.

तरी मी पांढरी घ्यायचं पक्कं केलं होतं. कारण आबा.

आबा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं त्यांनी बहादरपुरच्या एका मोठ्या बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवला. मालकाच्या घरातल्या लहान पोरांनीही त्यांना कधी काका म्हटलं नाही, ड्रायव्हर म्हटलं. त्या जुन्या ट्रॅक्टरचा क्लच इतका जड होता की दाबायला उठून उभं राहिल्यासारखं करावं लागे. दिवसातून किती वेळा दाबला असेल, देव जाणे. आबांचा डावा गुडघा त्यानं खाल्ला. जळगावच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, क्लच बंद. तेव्हापासून आबा स्टिअरिंगला बसलेले नव्हते. गाडी मर्दानं पायानंच चालवावी म्हणणाऱ्यांना मी आबांचा तो गुडघा दाखवायला तयार आहे.

आणि माझ्या मनात एकच होतं. माझ्या कमाईची पहिली गाडी आधी आबा चालवतील. दुसऱ्याची वाहनं खूप झाली. त्यासाठी क्लच नसलेली गाडी हवी, म्हणजे पांढरी. बात खतम. जिजाजींना वाटलं, त्यांचा सल्ला मानला. ते मावा जिलेबीचा डबा घेऊन यार्डात हजर.

आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पांढऱ्या गाडीभोवती एक फेरी मारली, टायर चपलेनं दाबून पाहिलं आणि स्टिअरिंगला बसले. त्यांच्या शेजारी मी. मागे जिजाजी, मांडीवर जिलेबीचा डबा, आणि यार्डवाला, गालात गुटखा.

“चाचाजी, कुछ करना नहीं है,” यार्डवाला म्हणाला. “बस बैठना है. मक्खन है.”

आबांनी आरसा नीट केला. गाडी बायपासला लागली. पहिला एक किलोमीटर असा गेला की माझा ऊर भरून आला, हे मी कबूल करते. आबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. समोर गतिरोधक आला. आबांनी ॲक्सिलरेटर सोडला, आणि त्याच क्षणी त्यांचा डावा पाय उठला आणि क्लच दाबायचा तसा पूर्ण ताकदीनं खाली गेला.

क्लच नव्हताच. तिथे या गाडीचा रुंद ब्रेक होता.

गाडी जागच्या जागी गाडली गेली. माझं डोकं पुढे, जिजाजींचं माझ्या सीटवर, आणि जिलेबी पाकासकट त्यांच्या पँटवर. मागून येणारा पिकअपवाला शिव्या देत बाजूनं गेला.

“आबा, डावा पाय मागे घ्या. सीटखाली,” मी म्हटलं.

“गुडघा वळतो का माझा?”

“मग माझ्या बाजूला टेकवून ठेवा.”

त्यांनी ठेवला. दुसऱ्या गतिरोधकाला तो पाय आपोआप तिथून निघाला आणि पुन्हा तेच. तिसऱ्याला पुन्हा. प्रत्येक वेळी आबांच्या तोंडातून गुडघ्याची कळ बाहेर पडत होती, आणि ते ती खोकल्यात लपवत होते. जिजाजी रुमालानं पाक पुसत म्हणाले, “रिअर व्हीलला थोडी प्रॅक्टिस लागते.”

यार्डवाला हसला. “चाचाजी, बायाँ पैर घर पे छोड़ के आना था.”

“तुम्ही तोंडातलं आधी थुंकून या, मग बोला,” मी म्हटलं.

आबांनी गाडी कडेला, कडुलिंबाखाली घेतली. या वेळी उजव्या पायानं, अगदी हळू. स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“पोरी, हिला चालवायला माणूस लागत नाही,” ते म्हणाले. “बसायला लागतो.”

आणि उतरले. त्यात राग नव्हता. मालकाच्या नव्या कारभाऱ्याबद्दल ते याच आवाजात बोलायचे.

परत मी चालवली. मला स्वतःचीच चीड येत होती. जगभरच्या लोकांना नावं ठेवणारी मी, डिग्रीवाली. गुडघ्याचा विचार केला, पण तीस वर्षं एकच काम केलेल्या पायाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मिलमध्ये एखाद्या पोरानं मशीन बदलताना ऑपरेटर कोण आहे हे पाहिलं नसतं, तर मी त्याला उभा-आडवा सोलला असता.

यार्डात आबा लाल गाडीपाशी गेले. मला वाटलं, आता गुडघ्याची पर्वा न करता हिच्या स्टिअरिंगला बसणार, आणि मी अडवायला पुढे झाले. पण त्यांनी डावीकडचं दार उघडलं. शेजारच्या सीटवर बसले, डावा पाय लांब सोडला, आणि उजवा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला.

“बस तिकडं,” ते मला म्हणाले. “पाय तुझे.”

यार्डवाला म्हणाला, “ऐसे थोड़े चलती है.” आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बायपास त्या वेळी मोकळा होता. “दाब,” आबा म्हणायचे. मी क्लच दाबायची. ते गिअर टाकायचे. “सोड.” मी सोडायची. पहिल्या दोन गिअरांना दोघांचंही जमेना. माझा पाय उशिरा पडला की आत दात किरकिरायचे, आणि आबा माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचे, ती नजर मी मिलमधल्या नव्या फिटरांसाठी राखून ठेवलेली आहे. ती आली कुठून, हे मला त्या दिवशी कळलं.

“इंजिनिअर झालीस, माय, आणि क्लच अर्धाच दाबतेस.”

“पूर्ण दाबलाय, आबा.”

“मग हे काय ओरडतंय?”

मी पूर्ण दाबला. तिसरा असा पडला की आवाजही आला नाही. समोरच्या काट्यांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. इंजिनाचा सूर बदलायच्या आत त्यांचा हात हलायचा. मी जिथे दुसऱ्यावर अजून थोडं ओढलं असतं, तिथे ते तिसरा टाकून मोकळे, आणि त्यांचंच बरोबर असायचं. चौथ्या गिअरवर गाडी सुटली तेव्हा ते इतकंच म्हणाले, “हां. ही गाडी आहे.”

गाडीला कुठली चाकं ओढतात, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी कागद झाले. लाल गाडी आम्ही यार्डापासून लालबागेतल्या घरापर्यंत तशीच आणली, “दाब, सोड” करत. गल्लीच्या तोंडाशी म्हशींसाठी थांबलो, तेव्हा त्यांनी न सांगता पहिला टाकला आणि मी न सांगता दाबला होता. आई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. शेजारचे चार जण जमले होते. त्यांत जिजाजीही होते, नव्या पँटमध्ये, आणि ते लोकांना पुढच्या चाकांचे फायदे समजावून सांगत होते.

आई म्हणाली, “आणली कोणी?”

आबा दार धरून हळूच उतरले, गुडघा सरळ केला, शर्ट खाली ओढला.

“मी,” ते म्हणाले. “हिनं नुसते पाय मारले.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि चावी त्यांच्या हातात दिली.