धोंड्याच्या महिन्यातला लॅपटॉप

अधिक महिन्यात, म्हणजे आमच्या धोंड्याच्या महिन्यात, जावयाला देवासारखं वागवतात. देव झाल्यावर माणूस काय काय बिघडवू शकतो, ते मला सिंदीला सासऱ्यांच्या घरी कळलं.

सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून मामाजी, म्हणजे माझे सासरे, रोज संध्याकाळी लॅपटॉपवर एका बोटानं त्यांना एक पान लिहीत. आज भाजी कशी झाली, पोरीचा फोन आला का, असलंच काहीबाही. ती सगळी पानं एकाच जुन्या डिस्कमध्ये होती, आणि डिस्क टिकटिक करायला लागली होती.

"नवी टाकून देतो, त्यात काय!" मी म्हणालो. कॉलेजच्या कम्प्युटर लॅबमध्ये माझी निम्मी नोकरी गेलेली. आदल्या संध्याकाळी जुनीवरचं सगळं नवीवर उतरवून घेतलं. त्यानंतर जुनी जी गप्प झाली ती कायमचीच. सकाळी नवी आत बसवून बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच पांढरी ओळ: डिस्क सापडत नाही.

बायको हळूच म्हणाली, "बाबाले विचारा ना. त्यायनं अख्खी जिंदगी रेडिओ दुरुस्त केले."

"रेडिओ वेगळा, हे वेगळं," मी म्हणालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मामाजी मागे उभे राहून उघड्या लॅपटॉपकडे बघत होते. "जवाईबापू, नवी डिस्क जराक बारकी दिसून राह्यली, नाई?"

"आता सगळ्या पातळच येतात, मामाजी."

"हो, हो," म्हणाले आणि माझ्यासाठी पन्हं आणायला गेले. जावयाला चूक दाखवायची, तीही धोंड्याच्या महिन्यात? ते त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

दुपारपर्यंत मी सगळ्या सेटिंग्ज उलट्यापालट्या केल्या. पांढरी ओळ हटेना. जेवायला तुपात भिजलेली पुरणपोळी होती, पण घास उतरत नव्हता. तीन वर्षांची पानं गेली, तर या माणसाला मी काय तोंड दाखवू? मला खरंच भीती वाटत होती.

"होते, जवाईबापू. पडा जराक," मामाजी म्हणाले आणि कूलर माझ्याकडे वळवला.

वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला. भिंतीवर कडुनिंबाची सावली हलत होती. दूर रुळांवरून एक मालगाडी जायला लागली ती जातच राहिली. अर्धवट डोळ्यांनी मला पांढरी बनियन दिसली, वाकलेली पाठ दिसली. कात्रीनं पुठ्ठा कापल्याचा आवाज आला. सासूबाई चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. "झालं का?" त्यांनी विचारलं. "हळू बोल," मामाजी म्हणाले, "जवाई झोपून राह्यले." मालगाडी अजून जातच होती.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. लॅपटॉप मी ठेवला तिथेच होता. मात्र स्क्रू मी एका वाटीत काढून ठेवले होते, आणि वाटी रिकामी होती. कॅलेंडरचा मागचा पुठ्ठा एका कोपऱ्यात कापलेला होता. मामाजी पेपर वाचत होते.

"एकदा आणखी बटन दाबून पाहा ना," ते पेपरातूनच म्हणाले.

दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. सगळी पानं जागच्या जागी होती.

"पाहा! तुमच्या हाताले यश आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पातळ डिस्क खाचेत सैल बसत होती, म्हणून जोड लागत नव्हता. पुठ्ठ्याचा एक तुकडा खाली दिला की काम झालं. ते त्यांना सकाळीच दिसलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, पण त्यांनी पेपर काही खाली केला नाही.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे ते लिहायला बसले. थोड्या वेळानं मला हाक मारली. "जवाईबापू, हे बराबर लिवलं का, पाहा बरं."

पडद्यावर होतं: 'आज जवाईबापूनं लॅपटॉप सुधरवला. तू म्हणायची, पोरगा हुशार आहे. खरंच आहे.'

खरं सांगावं, तर त्यांना ती ओळ खोडावी लागली असती.

"बराबर आहे, मामाजी," मी म्हणालो. सासूबाईंशी मी बोललेलं ते पहिलं खोटं.