केबलवरची गोधडी

मावशीचा राग नाकावर असायचा, असं म्हणणारे तिला नुसतं लांबून ओळखायचे. जवळच्यांना माहीत होतं की तिचा राग हातात असायचा. पाना, लिव्हर, जॅकचा दांडा, जे सापडेल ते ती उचलायची, आणि उचललेलं क्वचितच रिकामं खाली यायचं.

डांबरी रस्ता संपून जिथे वाळू सुरू व्हायची, तिथे तिचं वर्कशॉप होतं. साध्या जीपगाड्या आत यायच्या आणि वाळवंटात घुसायच्या लायकीच्या होऊन बाहेर पडायच्या. ती स्प्रिंगचे खालचे पाटे बदलून गाडी हातभर उंच करायची, रुंद टायर चढवायची, इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा ठोकायची आणि पुढच्या बंपरवर विंच बसवायची. विंच म्हणजे मोटारीवर फिरणारा रूळ, त्यावर गुंडाळलेली पोलादी केबल. गाडी वाळूत रुतली की केबलचा हुक तिला अडकवायचा, बटण दाबायचं आणि ओढून काढायचं. सोपं काम आहे. मावशीचा नवरा ते करतानाच मेला.

तो एका भरलेल्या गाडीला ओढत होता आणि केबलच्या शेजारी उभा होता. केबल तुटली. ताणलेली केबल तुटली की जमिनीवर पडत नाही, ती परत येते. ती आली आणि त्याला खांद्यापासून पोटापर्यंत उभा चिरून गेली. मावशीने दोन्ही हातांनी ती चीर दाबून धरायचा प्रयत्न केला, पण दोन हातांत मावेल एवढी ती नव्हती. केबलच्या मधोमध जाड गोधडी टाकली असती, तर तुटल्यावर त्या वजनाने केबल खाली बसली असती. गोधडी गाडीतच होती, मागच्या सीटवर, घडी घालून ठेवलेली.

तेव्हापासून वर्कशॉपमध्ये एकच कायदा होता. एकदा वेल्डरने अंगणातल्या अंगणात एक भंगार गाडी गोधडीशिवाय ओढली. मावशीने पाना असा भिरकावला की त्याची भुवई फाटली. टाके घालायला तिनेच नेलं आणि परत येताना वाटभर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तरी वेल्डर टिकला. मधे तो दुसरीकडे काम करून आला होता, आणि तिथे त्याला कळलं होतं की आपण जगलो काय, मेलो काय, कुणाच्या बापाचं काही जात नाही.

या कायद्याला अपवाद एकच, जावई. तो पाहुण्यांना वाळूच्या टेकड्यांवर फिरवायचा, आणि गाडी अशी चालवायचा की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. त्याची गाडी मावशीनेच बांधली होती, एकेक नट स्वतः आवळून. सगळ्या जगाला अरे-तुरे करणारी ही बाई जावयाला मात्र अहो-जाहो करायची.

"जावईबापू, केबलवर गोधडी टाकत जा हो."

"आई, केबल कोरी करकरीत आहे. चार हत्ती ओढेल."

"तरी टाका. माझ्यासाठी टाका."

"बरं, बरं," तो हसून म्हणायचा, आणि टाकायचा नाही. जावयावर हात कोण टाकणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो गेला की मावशी मागच्या बाजूला जाऊन गंजलेल्या ब्रेकड्रमवर हातोडा घालत बसायची. एकदा हातोड्याचा दांडाच मोडला. लेक पोटुशी होती, आणि मावशीला आपलं कपाळ लेकीच्या कपाळी लिहिलेलं नको होतं. तिचं आयुष्यात तेवढंच एक मागणं होतं.

त्या दिवशी भर दुपारी ती नवे पाटे बसवलेली आपली गाडी तपासायला वाळवंटात गेली होती. एका टेकडीच्या माथ्यावर आली आणि खाली तिला जावई दिसला. पाहुण्यांची गाडी खोलगट वाळूत पोटापर्यंत रुतली होती. जावयाची गाडी समोरच्या चढावर उभी होती, मधे केबल तारेसारखी ताठ, आणि हा बहाद्दर केबलच्या अलीकडे एक पाय, पलीकडे एक पाय टाकून, हातात विंचचं लांब वायरीवरचं बटण घेऊन उभा. केबलवर काही नव्हतं.

मावशीने हॉर्नवर हात दाबून धरला. त्याने वर पाहिलं आणि हात हलवला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वळणाची वाट सोडून तिने गाडी सरळ उतारावरून खाली घातली. मागचं चाक घसरलं, गाडी एका अंगावर झाली, आडवी होता होता सावरली. तिचं डोकं छताच्या लोखंडावर आपटलं आणि डोळ्यात रक्त उतरलं. गाडी पुरती थांबायच्या आत ती जॅकचा दांडा घेऊन उतरली होती.

"जावईबापू, बटण सोडा."

"आई, पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"सोडा म्हणते ना!"

त्याने तिच्या डोळ्यांत बघत बटण दाबलं. केबल कुरकुरली. मावशीने दांडा फिरवला. मनगटाच्या वर वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि बटण वाळूत पडलं. जावई किंचाळला, आणि हट्टाने म्हणा, धक्क्याने म्हणा, दुसरा हात त्याने बटणाकडे नेला. तिने पुन्हा मारलं, मोडलेल्या हाताच्याच खांद्यावर. तो तोंडावर पडला. एका पाहुण्याने तिला मागून कव घातली, तर तिच्या कोपराने त्याचे दोन दात हलले.

मग ती शांतपणे आपल्या गाडीकडे गेली, गोधडी आणली, केबलच्या मधोमध नीट पसरली, आणि जावई वाळूत लोळत असताना तिने पाहुण्यांची गाडी ओढून बाहेर काढली. दवाखान्यापर्यंत गाडीही तिनेच चालवली.

"फार दुखतंय का हो?" ती दर वळणावर विचारत होती. तो दात खाऊन खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी जावयाची गाडी वर्कशॉपमध्ये आणल्यावर वेल्डरने ती केबल फडक्यात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली.

"एकही तार तुटलेली नाही, मावशी. ठणठणीत आहे."

"मग?"

"मग काही नाही," तो म्हणाला आणि कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी लेक आली. तिने भिंतीला टेकवलेली लिव्हर उचलली आणि उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा फोडायला सुरुवात केली, पुढची, मागची, मग शेजारची गाडी. पोट सांभाळत ती मारत होती आणि काचा अंगणभर उडत होत्या. वेल्डर पुढे सरसावला, मावशीने त्याला हाताने अडवलं. शेवटी धापा टाकत लेक आईसमोर उभी राहिली.

"पहिला फटका मी एक वेळ समजून घेईन. दुसरा कशाला?"

"ते परत बटण उचलत होते."

"त्याचा हात आता खांद्याच्या वर कधी जाणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. तू त्याला मारत होतीस की बाबांना?"

 इतक्या वर्षांत नवऱ्याचं दुःख मावशीने केलं होतं, पण आपला त्याच्यावर रागही आहे, हे तिला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. लेकीने खाडकन तिच्या थोबाडीत मारली.

"माझं मूल तुझ्या दारात पाय ठेवणार नाही." ती काचांवरून करकर चालत निघून गेली. मावशीने संध्याकाळपर्यंत अंगण झाडलं.

लेकीला मुलगी झाली, हे तिला गिऱ्हाइकाकडून कळलं. त्या मुलीला तिने पहिल्यांदा पाहिलं ते त्याच टेकडीच्या माथ्यावरून. खाली जावयाने कुणाची तरी गाडी ओढायला घेतली होती. लेक छातीशी बाळ बांधून बाजूला उभी होती. जावयाने डाव्या हातात बटण घेतलं. केबल उघडी होती.

मावशीने गाडीचं दार उघडलं. तिचा हात दांड्यावर गेलासुद्धा होता.

तेवढ्यात लेक तरातरा पुढे गेली आणि तिने नवऱ्याच्या हातावर असा सणसणीत फटका मारला की बटण लांब उडालं. तो काहीतरी ओरडला, तीही ओरडली. मग तिने गाडीतून गोधडी ओढून काढली, केबलवर टाकली, बाळासकट मागे दूर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली असावी, आता ओढ. केबल ताठ झाली. गाडी वर आली. केबल याही वेळी तुटली नाही.

लेकीने वर पाहिलं. एवढी उंच केलेली गाडी पंचक्रोशीत कुणाची, हे तिला सांगायला नको होतं. तिने बाळाच्या तोंडावर कापड ओढलं आणि पाठ फिरवली.

मावशीला रडू फुटलं. रडू आल्याच्या रागात तिने स्टिअरिंगवर मूठ हाणली, आणि हॉर्न वाजला. खाली कुणीही वळून पाहिलं नाही.